ताईतातलं औषध

शिंदे की छावनी, लश्कर, ग्वाल्हेर
१२ एप्रिल २०२२

तो फोटो आधी काढून टाक, मग पुढचं वाच.

कुठला ते तुला माहीत आहे. पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी आहेस, हातात कात्री, आणि शिंप्याने फीत कापावी तशी गोळ्यांची पट्टी कापते आहेस. डोक्यावर पाटी, 'औषधे येथे मिळतील'. शालिनीताईंची नातसून सोनिका, तिने तो मोबाइलवर बघितला आणि मुरारला त्यांच्या घरच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बावीस बायकांच्या हातांतून फिरवला. माझी आंबेडाळ वाटीत तशीच राहिली. शालिनीताई म्हणाल्या, "मंदा, तू तर म्हणायचीस नात डॉक्टर आहे. ही तर दुकानात उभी आहे गं."

मी म्हटलं, "डॉक्टरच आहे. त्या दिवशी दुकानवाला सुट्टीवर होता." कुणाला पटलं नाही. मलाही पटलं नाही.

आता तू म्हणशील, आजी, तू खोटं का सांगितलंस. तर ऐक. दख्खनेतून आपली माणसं इथे आली ती तोफांबरोबर आली. तुझ्या आजोबांचे पणजोबा तोफेला बत्ती देणारे. त्यांच्या घरातली पोर चार वर्षं कॉलेजात शिकते आणि पुण्याला जाऊन पुड्या बांधते, हे मी मुरारपर्यंत कोणत्या तोंडाने पोचवू? शालिनीताई माझ्या चुलत जाऊ आहेत, दोन वर्षांनी मोठ्या, आणि पन्नास वर्षं माझ्या चुका वेचत आल्या आहेत. डॉक्टर म्हणून सांगणं सोपं पडलं.

फोन करू नकोस. तुझे आजोबा ठार बहिरे, त्यामुळे आपल्याकडे फोन नेहमी स्पीकरवर, आणि खालचा पंक्चरवालासुद्धा आपलं घर ऐकतो. शिवाय फोनवर तू मराठीत सुरू होतेस आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरतेस. कागदावर तुला मराठी लिहावीच लागते. मी चौथी शिकलेली लिहिते, तू सोळा यत्तावाली, तूही लिही.

आता माझी तब्येत, कारण तू विचारतेस आणि मी टाळते. दिवाळीत जिना चढताना छातीवर कुणी पाटा ठेवला असं झालं होतं, डाव्या जबड्यापर्यंत कळ. डॉक्टर म्हणाले अंजायना. मला वाटलं कुणाच्या सुनेचं नाव आहे. हृदयाला रक्त कमी पडतं म्हणे. तेव्हापासून सकाळी एक गोळी नाडी सावकाश ठेवणारी, जेवणानंतर एक रक्त पातळ करणारी, रात्री एक चरबीची. त्या तिन्ही मी घेते, तुझी आई डोक्यावर उभी असते. आणि दुखेल तेव्हा जिभेखाली ठेवायची बारकी गोळी वेगळी.

ती गोळी सुरुवातीला फार माजलेली होती. जिभेखाली ठेवली की जीभ चुरचुरायची, छाती मोकळी व्हायची, पण डोकं असं ठणकायचं की आरतीचा नगारा बरा. डॉक्टर म्हणाले, अम्मा, ये तो होगा. तर सांगते, आता होत नाही. महिना झाला, डोकं हलत नाही, जीभ चुरचुरत नाही. मागच्या आठवड्यात दोन ठेवल्या, तरी काही नाही. मी त्या गोळीला जिंकलं. त्या डॉक्टरला माहीत नाही मी कुठल्या घरची आहे.

आणि ती बाटली. औषधाची कसली ती तपकिरी बाटली, शाई ठेवायच्या दौतीसारखी. मी गोळ्या काढून सासऱ्यांच्या चांदीच्या ताईतात भरल्या. आत खंडोबाचा भंडारा होताच, गोळ्या छान पिवळ्या झाल्या. गळ्यात असतो, अंगाला लागून. देव आणि डॉक्टर एका घरात राहतात. त्या हळदीकुंकवाला शालिनीताईंची नजर दोनदा त्यावर गेली.

फोटो काढल्याचं कळव.

आजी

*

पुणे
१८ एप्रिल २०२२

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार,

फोटो काढणार नाही. त्यावर नंतर भांडू.

तुझं पत्र मी काउंटरवरच फोडलं. ताईताशी आले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, दोन मिनिटं थांबा. तिथूनच बाबांना फोन लावला. हे पत्र पोचेल तेव्हा दौलतगंजच्या दुकानातून नवी बाटली तुझ्या घरी आलेली असेल. ताईतातल्या गोळ्या फेकून दे. सगळ्या. एकसुद्धा ठेवू नकोस.

आजी, तू त्या गोळीला जिंकलं नाहीस. ती मेली आहे.

सांगते कशी. त्या बारक्या गोळीत जे औषध असतं, तेच जास्त प्रमाणात घेऊन सुरुंग उडवतात. मस्करी नाही. डोंगर फोडायला जे वापरतात तेच, पण गोळीत इतकं कणभर की उडत नाही. स्वभाव मात्र तोच, एका जागी राहत नाही. ऊब लागली की निसटतं, हवा लागली की निसटतं, कापूस, कापड, प्लास्टिक, जे जवळ असेल त्यात शिरतं. म्हणून त्याला काचेच्या तपकिरी बाटलीत, घट्ट झाकणात कोंडतात. आणि तू त्याला सैल टोपणाच्या नळीत घालून, ग्वाल्हेरच्या एप्रिलमध्ये, अंगाच्या उबेला लावून, वर भंडारा भरून ठेवलंस. पंधरा दिवसांतच त्यातलं औषध गेलं असेल. सवयीनेही डोकं दुखणं कमी होतं, ते खरं. पण जीभ चुरचुरत नाही, दोन ठेवल्या तरी काही नाही, हे सवयीचं लक्षण नाही. तू खडू चघळते आहेस.

मग दुखणं थांबत कसं होतं? तू गोळी ठेवायला खाली बसायचीस, म्हणून. बसलं की हृदयाचं काम कमी होतं आणि कळ ओसरते. एखाद्या दिवशी बसून ओसरणार नाही, त्या दिवसासाठी ती गोळी आहे. आणि त्या दिवशी तुझ्या गळ्यात पिवळा खडू असता.

तोफखान्याच्या घरातली सून आहेस ना? दारूगोळा उघडा टाकलास. ते बत्ती देणारे पणजोबा काय म्हणाले असते?

आता नीट वाच. बाटली मूळचीच, झाकण लगेच बंद, उन्हात नाही, चुलीजवळ नाही. उघडल्याची तारीख वर लिहून ठेव, दोन महिन्यांनी नवी. दुखलं की आधी बस, उभ्याने घेतलीस तर चक्कर येऊन पडशील. एक जिभेखाली. गिळायची नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी ठेव आणि १०८ ला फोन करायला सांग, तेव्हा मात्र आजोबांसाठी स्पीकर लावत बसू नका. सकाळची नाडीची गोळी मनाने कधी बंद करू नकोस, ती एकदम सोडली की दुखणं दुप्पट होऊन येतं. आणि बाटली तुझी आहे, तुझ्यापुरती. दुसऱ्या कुणाला त्यातली गोळी द्यायची नाही.

पुड्या बांधते म्हणालीस. डॉक्टर लिहून देतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात, त्यांना वेळ नसतो. माणूस घरी जाऊन बाटली कुठे ठेवतो, हे मी विचारते. रोज, प्रत्येकाला. कुणी देव्हाऱ्यातल्या समईशेजारी ठेवतं, कुणी मोटारीत. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ ही गोळी घ्यायला आले आणि हळूच दुसरं एक औषधही मागितलं. दोन्ही एकत्र घेतली असती तर रक्तदाब असा कोसळला असता की उठले नसते. मी दिलं नाही, त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते दुसरं औषध कशाचं, ते मी तुला लिहिणार नाही.

फोटोत मी जी पट्टी कापते आहे, ती एका म्हाताऱ्या बाईंसाठी होती. त्यांना महिन्याची परवडत नव्हती, दहा दिवसांची पाहिजे होती. त्या कात्रीची मला लाज नाही.

तुझी
गरिमा

*

शिंदे की छावनी
२५ एप्रिल २०२२

बाटली आणायला सांगितली होती, दवंडी पिटायला नव्हती. तुझा बाप दौलतगंजहून आला तो "आई, ताईत काढ, ताईत काढ" असं जिन्यापासूनच ओरडत. पंक्चरवाल्याने वर येऊन विचारलं, सोनं चोरीला गेलं का.

तर बाटली आली. मी ऐकून घेतलं, पण मानलं नव्हतं. बुधवारी पाण्याची बादली उचलली आणि आवळलं. म्हटलं बघू या नातीचं शहाणपण. खाली बसले, एक ठेवली. जीभ चुरचुरली. दोन मिनिटांत छाती मोकळी झाली आणि मग डोकं जे ठणकलं म्हणतेस, कानशिलं उडायला लागली. इतकं बरं वाटलं मला. तुझे आजोबा विचारतात, डोकं धरून हसतेस का? मी म्हटलं, तोफ वाजली.

सुरुंगाचं ते मला डॉक्टरने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाटली कुलपात ठेवली असती. घरचीच वस्तू निघाली की. तुझ्या आजोबांना कागदावर लिहून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं आणि संध्याकाळी फिरायला गेले तिथे चौघांना सांगून आले. सासरे असते तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. ते म्हणायचे, तोफ चुकली तर माफी आहे, दारू भिजली तर नाही. ताईतात आता फक्त भंडारा आहे.

त्या गृहस्थांचं दुसरं औषध कशाचं ते मला कळलं. मी चार मुलं वाढवली आहेत, कोंबड्या नव्हेत.

आता एक गोष्ट, जी तू बापाला फोन केलास तेव्हा सगळं घर ऐकत होतं म्हणून सांगता आली नाही.

हळदीकुंकवाला तो फोटो फिरला, त्यानंतर मी पाणी प्यायला आत गेले. शालिनीताई ओट्याला धरून उभ्या. एक हात छातीवर, कपाळ ओलं. मला बघून हात खाली घेतला. म्हणाल्या, "पन्हं जास्त झालं." मी तो हात ओळखला. दिवाळीत माझाही तिथेच होता. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? म्हणाल्या, "माझ्या दौलतसिंहला कळलं तर पोरगा मला खाटेवर बसवून ठेवेल. हळदीकुंकू सुनेच्या हाती जाईल. तू गप्प राहा."

मी ताईत उघडून सहा गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. दया आली असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. बावीस जणींत त्यांनी मला उघडं पाडलं होतं आणि पाव तासाच्या आत मला त्यांच्यावर उपकार करायची संधी मिळाली. मी म्हटलं, "घ्या ताई. माझ्या डॉक्टर नातीने सांगितलेलं औषध आहे. दुखलं की जिभेखाली. घरात बोलायची गरज नाही." त्यांनी पदराच्या गाठीला बांधल्या. त्या वेळी माझी मान किती ताठ होती ते तुला काय सांगू.

त्या सहा गोळ्या पिवळ्याच होत्या.

आता मी जाऊन सांगू, ताई, माझं औषध खोटं निघालं? अक्षय्यतृतीयेला गौर उठायच्या आत सगळ्या लश्करात होईल, दुकानातल्या नातीची तसलीच आजी. मी विचार केला, मेलेली गोळी म्हणजे खडू, तूच लिहिलंस. खडूने कुणाचं काय बिघडतं? बिघडत नाही, एवढंच लिही. फोनवर नको.

आजी

*

पुणे
२९ एप्रिल २०२२
स्पीडपोस्ट

आजी,

बिघडतं.

शालिनीआजीला दुखेल, ती गोळी ठेवेल, काही होणार नाही. मग ती काय म्हणेल? हृदयाचं असतं तर हृदयाच्या गोळीने थांबलं असतं, म्हणजे हे पोटाचं आहे. आणि ओवा खाऊन पडून राहील. तू तिला काहीच दिलं नसतंस तर ती निदान घाबरली असती. तिला कपाळावर घाम येत होता, ओट्याला धरायला लागत होतं, आणि ह्याला आता तीन आठवडे झाले.

तुझ्या बाटलीतली नवी गोळी देऊन भरपाई करायला जाऊ नकोस. तिचा रक्तदाब काय, तिला आणखी काय औषधं चालू आहेत, आपल्याला माहीत नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचं आहे, आणि तेही आज.

म्हणून तुझा नियम मोडते आहे. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे पत्र नियमासाठी टाकते, पण त्याआधी फोन करते. स्पीकर असू दे. मी फक्त दोन शब्द बोलेन, "आजी, मुरार." घराला काही कळणार नाही, तुला कळेल. अंधार पडेपर्यंत तू तिथे पोचल्याचं कळलं नाही तर मी दौलतकाकांना फोन करून सगळं सांगणार आहे, सहा गोळ्यांसकट. तुझी मान खाली गेली तर जाऊ दे. पण तू स्वतः जाऊन सांगावंस असं मला वाटतं.

गरिमा

*

शिंदे की छावनी
१४ मे २०२२

दोन शब्दांसाठी कुणी फोन करतं का? तू बोललीस आणि ठेवून दिलास. तुझे आजोबा म्हणाले, "मुरारला कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही. मी चालले."

तू रागावली असशील की पंधरा दिवस मी कागद घेतला नाही. बापाने फोनवर काय सांगितलं असेल ते असेल. त्याला अर्धं माहीत आहे. पूर्ण मी सांगते.

दुपारचे दोन, उन्हाची लू चाललेली. डोक्यावरून पदर घेतला, ई-रिक्शा केली. नवी बाटली कमरेच्या बटव्यात होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. एक असं जुळवलं होतं की चूक डॉक्टरची वाटेल, एक असं की तुझी वाटेल. ते दुसरं मला फार आवडलं होतं, खरं सांगते.

शालिनीताई कूलरसमोर लाकडी तक्तावर आडव्या. बेंबीवर हिंगाचा लेप. सोनिका पाय चेपत होती, एका हाताने पाय आणि एका हाताने मोबाइल. मला बघून ताई म्हणाल्या, "ये मंदा. गॅसने जीव घेतला आहे. दोन दिवस जबडासुद्धा दुखतो. दातांचाही गॅस असतो का?"

मी विचारलं, "त्या गोळ्या घेतल्या?"

"पाच घेतल्या. काही झालं नाही. तेव्हाच समजले, हृदयाचं नाही. तुझ्या औषधाने तेवढा उपयोग झाला बघ, जिवाला घोर राहिला नाही."

तुझं पत्र सोमवारी आलं. त्यात जे लिहिलं आहेस ते शालिनीताईंनी मला शुक्रवारीच, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकवलं होतं. तेव्हा माझी जुळवलेली वाक्यं गेली ती गेली.

मी म्हटलं, "ताई, त्या गोळ्या मेलेल्या होत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मूर्खासारख्या ताईतात ठेवल्या आणि त्यातलं औषध उडून गेलं. तुम्हाला मी खडू दिला. तुमचं दुखणं हृदयाचंच आहे. उठा."

"हे तुला सांगितलं कुणी?"

"नातीने."

"डॉक्टर नातीने?"

सोनिकाने मोबाइल खाली ठेवला. ती हसायच्या तयारीत होती. मी म्हटलं, "दुकानातल्या नातीने. ती डॉक्टर नाही, कधी नव्हती. औषधाच्या काउंटरला उभी असते. तिथे उभी राहून तिने माझं पत्र वाचलं आणि हजार किलोमीटरवरून ओळखलं की माझ्या गळ्यातली गोळी मेली आहे. माझ्या गळ्याला कळलं नव्हतं, तिला कळलं."

शालिनीताईंनी बेंबीवरचा लेप पदराने पुसला. मग म्हणाल्या, "डॉक्टर नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टर असती तर तू एवढ्या वेळा सांगितलं नसतंस."

पन्नास वर्षांत ती बाई पहिल्यांदा मला आवडली. आणि त्याच वेळी तिच्या कपाळावर घाम फुटला आणि हात छातीवर गेला.

बाटली माझ्या कमरेला होती. हात बटव्यात गेला, झाकणसुद्धा चाचपलं. मग तुझं ते आठवलं, बाटली तुझी आहे, तुझ्यापुरती. एकदा दिलं तेव्हा खडू होता म्हणून वाचलो, आता जिवंत दारू आहे. हात परत काढला. त्यांना पाठीला लोड देऊन बसवलं आणि सोनिकाला म्हटलं, "तो मोबाइल आहे ना हातात, आता त्याचा उपयोग कर. १०८ लाव." पोरीने लावला, पत्ता नीट सांगितला. घाबरली नाही. तिला मी तेवढं श्रेय देते. दौलतसिंह ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आला.

कागदावर रेघा काढल्या, रक्त तपासलं. हृदयाची नळी बरीचशी बंद होती, पुरती नव्हती. दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घालून आत जाळी बसवली. हृदय शाबूत आहे. दौलतसिंह मला म्हणाला, "काकी, तुम्ही आईला आणलंत." मी म्हटलं, "तीन आठवडे घरी बसवलं ते पण मीच. दोन्ही लक्षात ठेव."

आता जे खास तुला सांगायचं आहे ते. तिथल्या मोठ्या डॉक्टरने विचारलं, पेशंटने आधी काय घेतलं होतं? मी ताईत गळ्यातून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. सगळं सांगितलं. त्याने टोपण फिरवून बघितलं, वास घेतला, मग बाहेर जाऊन सहा-सात शिकाऊ डॉक्टर गोळा करून आणले आणि म्हणाला, "अम्मा, फिर से बताइए." मी परत सांगितलं, भंडाऱ्यासकट. माझ्या मूर्खपणाची गोष्ट मी डॉक्टरांच्या घोळक्यात उभी राहून सांगत होते आणि मान अशी ताठ की शालिनीताईंच्या हळदीकुंकवाला कधी झाली नव्हती. त्यांतली एक चष्मेवाली पोर लिहून घेत होती.

शेवटी मोठ्या डॉक्टरने विचारलं, "पकड़ा किसने?"

मी म्हटलं, "मेरी पोती ने. पूना में दवा की दुकान पर खड़ी होती है." 'खड़ी' जरा मोठ्याने म्हटलं. खाटेवरून शालिनीताईंनी पुस्ती जोडली, "हमारी पोती." आमची कधीपासून झालीस ते त्यांनाच विचार.

तर फोटो काढू नकोस. पण तो चांगला नाही, कात्री पूर्ण आणि तू अर्धी. नवा काढ. ताठ उभी राहा, पाटीवरचं प्रत्येक अक्षर दिसू दे. सोनिकाला पाठव, तिला सांगून ठेवलं आहे कुठे कुठे फिरवायचा ते.

ताईत ह्या पाकिटात आहे. भंडारा मी देव्हाऱ्यात काढून ठेवला, ताईत रिकामा आहे. चांदी आहे म्हणून कपाटात ठेवशील, ठेवू नकोस. काउंटरवर ठेव आणि प्रत्येक म्हाताऱ्याला दाखव, की औषध अशात ठेवायचं नाही. विचारलं कुणाचा, तर माझं नाव सांग. शिंदे की छावनीसुद्धा सांग.

माझं बरं आहे. रोजच्या तीन गोळ्या पहाऱ्याला, बाटलीवर तारीख लिहिली आहे, २० जूनला नवी आणायची. डोकं अजून ठणकतं, चांगलं ठणकतं.

शालिनीताईंची चिठ्ठी सोबत जोडली आहे. नऊ प्रश्न आहेत. पहिला एकादशीचा, चौथा बाटली फ्रिजमध्ये ठेवू का, सातवा वाचून मला लाज वाटली पण तू उत्तर दे. मला विचारत होत्या, मी म्हटलं मी चौथी शिकलेली बाई, ज्याचं काम त्याला विचारा. उत्तर मला लिहायचं नाही, त्यांना लिहायचं, मुरारच्या पत्त्यावर, मराठीत, आणि मागे तुझ्या नावाखाली दुकानाचा पत्ता घालायचा. तुझ्या बापाने मधेच फोनवर सांगितलेलं चालणार नाही. तूच लिही.

आजी